पहिली दहा मिनिटं

पोलिसांना दिव्यांगांविषयी प्रशिक्षण द्यावं का, या प्रश्नाला उघडपणे 'नको' म्हणणारा माणूस सापडणं कठीण. मतभेद सुरू होतात ते त्यापुढे. प्रशिक्षणानं नेमकं काय बदलणार, आणि काहीच बदललं नाही तर दोष कुणाच्या माथी जाणार? हे मतभेद इथे दोघांच्या तोंडी दिले आहेत. मामा सातारा जिल्ह्यातले, शिपाई म्हणून भरती झालेले आणि फौजदार म्हणून निवृत्त झालेले. भाची पुण्यात विशेष शिक्षिका आहे. स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग मुलांबरोबर काम करते. एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात होणाऱ्या वर्गाची रूपरेषा तिनं मामांपुढे ठेवली आणि बोलणं सुरू झालं. दोघंही काल्पनिक आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे कायदे, निकाल आणि देशोदेशीच्या घटना खऱ्या आहेत.

मामा: वाचली तुझी रूपरेषा. दहाला दीपप्रज्वलन, मग प्रस्तावना, मग 'दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार', जेवण, चित्रफीत, प्रश्नोत्तरं, आभार. खरं सांगू? जेवणानंतर निम्मा वर्ग पेंगणार. रात्रपाळी उतरून थेट आलेली पोरं असतात ती.

भाची: पेंगतील, मान्य. पण वर्ग घ्यायचा की नाही हे आता कुणाच्या मर्जीवर राहिलेलं नाही, मामा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचं कलम ४७ सांगतं की पोलीस, न्यायाधीश, वकील, पंचायतीचे सदस्य, लोकप्रतिनिधी, या सगळ्यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचे हक्क हा विषय असलाच पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. त्याच्या कलम ३० नं पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय.

मामा: कायद्यात लिहिलंय म्हणून वर्ग घेतात, आणि वर्ग घेतला म्हणून कायदा पाळल्याचं कागदावर दाखवतात. असे कितीतरी वर्ग मी बसून काढलेत. महिलांविषयी, बालकांविषयी, ज्येष्ठांविषयी, ॲट्रॉसिटीविषयी. प्रत्येक वर्गाचा शेवटी एकच निरोप: संवेदनशील व्हा. अगं, आमच्या पोराला मन नाही असं तुम्हाला सांगतं कोण? त्याला वेळ नसतो. बीटला दोन माणसं, त्यातला एक समन्स बजावायला गेलेला आणि दुसरा मंत्र्यांच्या बंदोबस्ताला.

भाची: मग वेळेवरूनच बोलू. पोलिसाला भरतीपासून काय अंगवळणी पाडतात? हुकूम द्यायचा आणि तो लगेच पाळला गेला पाहिजे. कवायतीत तेच, नाक्यावर तेच. आता नाकाबंदीला शिट्टी वाजली. मोटरसायकलवरचा मुलगा बहिरा आहे, तो थांबला नाही. स्वमग्न मुलाला नाव विचारलं. तो नजर चुकवतो आणि तुमचाच प्रश्न तुम्हाला परत म्हणून दाखवतो. सेरेब्रल पाल्सी असलेला माणूस झोकांड्या देत चालतो, त्याची जीभ अडखळते. स्किझोफ्रेनियाच्या तीव्र अवस्थेतल्या माणसाला तुमच्या आवाजाच्या जोडीला आणखी दोन आवाज ऐकू येत असतात. यातल्या कुणीच गुन्हा केलेला नाही. पण खाकीला चौघंही सारखेच दिसतात: सांगितलेलं न ऐकणारे.

मामा: आणि असे चौघं भेटतात कधीमधी. एरवी जो झोकांड्या देतो तो प्यालेलाच असतो, आणि जो थांबत नाही त्याच्याकडे गाडीचे कागद नसतात. पोलीस अनुभवावर चालतो, बाळ. पुस्तकावर चालायला लागला तर रस्त्यावर टिकणार नाही.

भाची: कधीमधी कसे, मामा? २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले, आणि तेव्हाची यादी आजच्या एकवीस प्रकारांपेक्षा पुष्कळ लहान होती. तुमच्या अनुभवात ते नाहीत, कारण तुमच्या वहीत ते वेगळ्या नावानं आले. 'मद्यधुंद इसम', 'उडवाउडवीची उत्तरे दिली', 'वेडसर इसम', 'सहकार्य केले नाही'.

मामा: बरं, धरून चालू. रात्री दोन वाजता वर्दी आली: एक जण कोयता घेऊन गल्लीत उभा आहे. तो स्वमग्न आहे, मनोरुग्ण आहे की दारू चढलीय, हे मी बॅटरीच्या उजेडात कसं ओळखायचं? तुमच्या डॉक्टरांना त्याच्यासाठी दोन-दोन महिने लागतात.

भाची: ओळखायचंच नाही. निदान हे पोलिसाचं काम नव्हेच. तुमचा आक्षेप पटला, एकवीस प्रकारांचा तास मी काढून टाकते. त्या जागी पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, तेवढंच शिकवते. सायरन आणि गरगरता दिवा बंद. अंतर ठेवायचं. बोलणारा एकच, बाकीच्यांनी गर्दी मागे हटवायची. वाक्य छोटं, प्रश्न एका वेळी एक. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून मगच पुन्हा विचारायचं. न सांगता अंगाला हात लावायचा नाही. सोबत कुणी असेल तर आधी त्याला विचारायचं, कशानं हा शांत होतो आणि कशानं बिथरतो. समोरचा स्वमग्न निघो, मनोरुग्ण निघो की नुसता प्यालेला, यातल्या एकाही गोष्टीनं पोलिसाचं नुकसान होत नाही.

मामा: हे चांगल्या हवालदाराला न शिकवताही येतं.

भाची: चांगल्या हवालदाराला येतं म्हणून तो चांगला. ज्याला येत नाही त्याच्या हातून काय होतं ते ऐका. जानेवारी २०१३, अमेरिकेतलं मेरीलँड राज्य. रॉबर्ट ईथन सेलर, सव्वीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. सिनेमा संपला आणि त्याला तो परत बघायचा होता, म्हणून तो खुर्चीतून उठेना. नवं तिकीट नव्हतं. व्यवस्थापकानं तिथे सुरक्षारक्षकाचं जादा काम करणाऱ्या तीन पोलिसांना बोलावलं. सोबतची काळजीवाहक सांगत होती, जरा थांबा, त्याला हात लावलेला चालत नाही. त्याची आई घरून निघालेली होती. पोलीस थांबले नाहीत. त्याला ओढून बेड्या घालताना तो खाली पडला आणि त्याचा श्वास कोंडला. एका तिकिटापायी त्याचा जीव गेला. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण 'दुसऱ्याच्या हातून' असं नोंदलं गेलं, तरी पोलिसांवर खटला उभा राहिला नाही.

मामा: अमेरिकेचं सांगू नकोस. तिथे ज्याच्या त्याच्या खिशात पिस्तूल, म्हणून तिथला पोलीसही आधी भितो आणि मग गोळी घालतो.

भाची: या प्रकरणात एकही गोळी सुटली नाही. होते ते फक्त तीन धट्टेकट्टे पुरुष, बेड्या आणि घाई. यातलं आपल्याकडे काय नाही?

मामा: घाई आहे, हे नाकारत नाही. पण ती कुठून येते ते तुला माहीत नाही. शिपाई घटनास्थळी उभा असतो तेव्हा गर्दीतल्या वीस जणांचे मोबाइल त्याच्यावर रोखलेले असतात. दुकानदार म्हणतो, उचला याला. वरून साहेबांचा फोन, 'झालं का? संपवा लवकर, पुढे मिरवणूक आहे.' तासभर थांबून, गोडीगुलाबीनं बोलून एखाद्याला घरी पोचवलं म्हणून आमच्या खात्यात कुणाला बक्षीस मिळालेलं मी पाहिलं नाही. दोन मिनिटांत उचलून गाडीत टाकला तर मात्र 'चपळाई दाखवली' म्हणतात. तू शिपायाला थांबायला शिकवशील. त्याला थांबू देणार कोण?

भाची: हा मुद्दा रूपरेषेत नव्हता, आणि तो असायलाच हवा.

मामा: मग तुझ्या त्या परदेशी वर्गांनी तरी फरक पडला का? खरं सांग.

भाची: खरं ते मिश्र आहे. सगळ्यात जुना आणि गाजलेला प्रयोग मेम्फिस शहरातला. १९८७ मध्ये तिथल्या पोलिसांनी हातात सुरी असलेल्या एका मनोरुग्ण तरुणाला गोळ्या घातल्या. मदतीसाठी फोन केला होता तो घरच्यांनीच. शहर पेटून उठलं, आणि १९८८ मध्ये पोलीस, रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना आणि विद्यापीठं यांनी मिळून खास पथक उभं केलं. चाळीस तासांचं प्रशिक्षण, तेही सगळ्यांना सक्तीनं नाही. जे स्वतःहून पुढे आले त्यांना. ती पद्धत नंतर अमेरिकाभर पसरली. त्यावर बरेच अभ्यास झालेत. पोलिसांची माहिती वाढते, रुग्णांकडे बघायची नजर बदलते, आत्मविश्वास वाढतो, हे त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं. बळाचा वापर आणि इजा कमी होतात का, याचा पुरावा मात्र कच्चाच आहे.

मामा: म्हणजे वर्गात टाळ्या, रस्त्यावर पहिले पाढे पंचावन्न.

भाची: तेवढ्यावर थांबू नका. मेम्फिसमध्ये प्रशिक्षण हा एक भाग होता. दुसरा भाग रुग्णालयाचा. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयाशी ठरलेलं होतं की पोलिसांनी आणलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही आणि पोलिसालाही तासन्‌तास अडकवून ठेवायचं नाही. माणूस सोपवायचा आणि गस्तीवर परत जायचं. पुढे पुष्कळ शहरांनी चाळीस तासांचा वर्ग तेवढा उचलला आणि रुग्णालयाची ही व्यवस्था विसरली.

मामा: हे तू रूपरेषेच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस! मी केव्हापासून हेच सांगतोय. आपलं कलम १०० घे. मानसिक आरोग्य कायद्यातलं. मला पाठ आहे ते.

भाची: सांगा.

मामा: हद्दीत भटकणारा माणूस मानसिक आजारी वाटला आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नसला, किंवा त्याच्यापासून त्याला वा इतरांना धोका वाटला, तर त्याला संरक्षणात घ्यायचं. का घेतलं ते त्याला सांगायचं. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. बेघर असला तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. कायदा उत्तम आहे, नाव ठेवायला जागा नाही. आता रात्री एकला एसटी स्टँडवर असा माणूस सापडला. अंगावर धड कपडा नाही, नाव सांगत नाही, आणि बोलतो ती भाषा ओडिया की बंगाली तेही कळत नाही. लॉकअपमध्ये ठेवायचा नाही, बरोबर. मग ठेवू कुठे? ठाण्याच्या बाकड्यावर? सिव्हिलला नेला तर म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञ सकाळी येतील. कुणी म्हणतं, कोर्टाचा आदेश आणा.

भाची: तो आता लागत नाही. दंडाधिकाऱ्याचा हुकूम १९८७ च्या जुन्या कायद्यात लागायचा. कलम १०० तो मागत नाही.

मामा: हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. केसपेपर काढणाऱ्याला माहीत आहे का? राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. साताऱ्याहून येरवड्याला न्यायचा तर गाडी हवी, दोन माणसं हवीत, बाई असेल तर महिला पोलीस हवी. तोवर ठाण्यात उरतं कोण? म्हणून आमच्यात काय चालतं ते सांगतो, तुला आवडणार नाही. त्याला चहा-बिस्कीट देतात, सदरा देतात आणि पहाटेच्या एसटीत बसवून देतात. हद्द बदलते आणि प्रश्न पुढच्या ठाण्याचा होतो. तुझ्या वर्गाला बसलेला पोरगाही हेच करेल. फरक इतकाच की करताना त्याला वाईट वाटेल.

भाची: वाईट वाटणं ही सुरुवात असू शकते.

मामा: सुरुवात नाही, ती शिक्षा आहे. ज्याच्या हातात काही नाही त्यालाच तुम्ही अपराधी वाटायला लावता. आणि उद्या काही घडलं तर खातेनिहाय चौकशीत पहिला कागद निघेल तो तुझ्या वर्गाच्या हजेरीचा. 'यास प्रशिक्षण देण्यात आले होते.' साहेब सुटले, सिव्हिल सुटलं, अडकला शिपाई.

भाची: इथे मी तुमच्याशी भांडणार. कलम १०० पुन्हा आठवा. ते कर्तव्य शिपायाच्या नावावर नाही. ते पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर आहे. आणि तपासणीची व्यवस्था करायचं कर्तव्य त्या सरकारी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर आहे. कायद्यानं शिपायाला एकटं सोडलेलं नाही. एकटं पाडलंय ते तुमच्या रिवाजानं. आणि रात्रीच्या वेळी अगदीच काही नाही असंही नाही. 'टेली मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ वर, चोवीस तास. समोरचा बोलत नसेल तर हवालदारानं स्वतः विचारावं की या अवस्थेत काय करू, काय टाळू. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवते. त्याच कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमचा तो एसटीत बसवून दिलेला माणूस कुणाचा तरी मुलगा म्हणून शोधला जात असतो, मामा.

मामा: ते मला सांगू नकोस, हरवल्याच्या नोंदी मी लिहिल्यात. माझं म्हणणं वेगळंच आहे. अशा वर्दीला पोलीस पाठवायचाच कशाला? घरात पोरगा भांडी फेकतोय, औषधं घेत नाहीये, आई घाबरलीय. तिथे खाकी पाहून तो आणखी बिथरतो. डॉक्टर पाठवा, नर्स पाठवा. आम्ही बाहेर कोपऱ्यावर उभे राहतो, हाक मारली तर येतो.

भाची: जगात हे करून पाहिलंय. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात, युजीन शहरात १९८९ पासून अशा फोनवर आरोग्यसेवक आणि समुपदेशक यांची जोडी जायची, शस्त्राविना. त्या कामाचं मोठं नाव झालं. पण पैशाअभावी २०२५ मध्ये ते त्या शहरात बंद पडलं. आणि आपल्याकडे? ११२ फिरवला तर रात्री दोनला तालुक्याच्या गावात येऊ शकेल असं जागं माणूस कोण? तुमची गाडी आणि १०८ ची रुग्णवाहिका. तुम्हाला त्या दारात जायचं नाही हे मला पटतं. पण आज जाणार तुम्हीच. मग तयारीनं जा.

मामा: गंमत बघ. मी पोलीस, मी म्हणतोय पोलीस नको. आणि तू म्हणतेस पोलीसच हवा.

भाची: हवा असं नाही म्हणत, तोच असतो म्हणतेय. आणि कधी तर तोच लागतो. गुन्हा दिव्यांग माणसावर घडलेला असतो तेव्हा दाद कुणाकडे मागायची? आंध्र प्रदेशातली एक जन्मांध तरुणी. तिच्यावर बलात्कार झाला. तिनं आरोपीला आवाजावरून ओळखलं. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २७ एप्रिल २०२१ ला, पाटन जमाल वली प्रकरणात, न्यायालयानं सांगितलं की चेहऱ्याऐवजी आवाजावरून ओळखलं एवढ्यासाठी साक्ष कमकुवत ठरत नाही. त्याच निकालात पोलीस आणि न्यायाधीश दोघांच्याही प्रशिक्षणाची गरज मांडलीय.

मामा: लैंगिक गुन्ह्यात पीडित दिव्यांग असेल तर फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायची, दुभाषा किंवा विशेष शिक्षकासमोर, आणि चित्रीकरण करायचं. पूर्वी हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये आहे. साक्षीदार दिव्यांग असेल तर चौकशीला ठाण्यात बोलवायचं नाही, आपणच त्याच्या घरी जायचं, हे १७९. माहीत असतं गं आम्हाला. पण जावळी तालुक्यात रात्री अकराला खुणांची भाषा जाणणारा दुभाषा मी आणू कुठून? शेवटी घरच्याच माणसाला पुढे करतात. काका सांगतो, पोरगी काय म्हणतेय ते.

भाची: आणि गुन्हा त्या काकानंच केलेला असेल तर?

मामा: असतो कधी कधी. म्हणूनच ते मला आजही खुपतं.

भाची: मग हे वर्गात शिकवण्याइतकं सोपं आहे: घरातला माणूस दुभाषा म्हणून चालणार नाही. आणि वर्गाबाहेरचं काम म्हणजे प्रत्येक ठाण्यात एक यादी. जिल्ह्यातले विशेष शिक्षक, कर्णबधिर शाळांमधले शिक्षक, सांकेतिक भाषेचे दुभाषे, त्यांचे नंबर, आणि प्रत्यक्ष येता आलं नाही तर व्हिडिओ कॉलवर येण्याची त्यांची लेखी तयारी. ही यादी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असली पाहिजे. एक गोष्ट मात्र शिपायालाच कळायला हवी. कर्णबधिर माणसाचे हात मागे बांधले की त्याची वाचाच बांधली जाते. तो सोडवून घ्यायला धडपडतो आणि ती धडपड 'प्रतिकार' म्हणून लिहिली जाते.

मामा: हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. पळून जायची भीती नसेल तर हात पुढे ठेवता येतात. बांधायची गरज तरी आहे का, हेही बघता येतं. नाहीतरी अटकेत गरजेपेक्षा जास्त बंधन घालू नये असं संहिताच सांगते.

भाची: अशा बारीकसारीक गोष्टींसाठीच वर्ग हवा. फिट आलेल्या माणसाला अजून चप्पल हुंगवतात, मुठीत किल्ल्या देतात. गर्दी तर देतेच, पोलीसही देतो. त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला कळवायचं. अंध माणसाला दंडाला धरून ओढायचं नाही; आपलं नाव-हुद्दा सांगायचा आणि आपलं कोपर त्याच्या हाताशी न्यायचं. विमानतळावरचा प्रसंग आठवतो? अभिनेत्री सुधा चंद्रन यांना सुरक्षा तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावायचे. २०२१ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे सांगितलं तेव्हा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाला माफी मागावी लागली. तपासणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण तपासणी कशी करायची हे ठरलेलं असूनही ती आब राखून कशी करायची, हे त्याच्या हाताला माहीत नव्हतं.

मामा: पुराचंही घाल त्यात. २०१९ ला कृष्णेचा पूर आला तेव्हा सांगलीकडे बंदोबस्ताला होतो मी. भोंग्यावरून सांगत फिरायचो, घरं सोडा, वर चला. आता तू बोलल्यावर वाटतं, ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी आम्ही आलोच नव्हतो. बोटीत माणूस घ्यायचो. त्याची चाकाची खुर्ची, कुबड्या, औषधाची पिशवी मागेच राहायची. बोटीला जागाच नसायची. छावणीत उतरला की तो माणूस पांगळ्याहून पांगळा.

भाची: दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ याचसाठी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचेल अशी सोय करायची. ती नोंद कार्यालयात राहून उपयोग नाही. बोट चालवणाऱ्याच्या आणि अग्निशमनाच्या जवानाच्या हातात घर क्रमांकासह पडली पाहिजे. आग लागली की लिफ्ट बंद होते. नवव्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीत कोण बसलंय, हे जवानाला जिना चढण्याआधी कळायला हवं.

मामा: बरं, वर्ग घेणार कोण? तूच?

भाची: निम्मा मी. निम्मा दिव्यांग माणसं. सेलरच्या मृत्यूनंतर मेरीलँडनं हेच केलं. बौद्धिक दिव्यांग असलेल्यांनाच प्रशिक्षक म्हणून तयार केलं. पोलीस त्यांच्याशी प्रसंग वठवून सराव करतात. माझ्या डोळ्यांसमोर डाउन सिंड्रोम असलेला एक तरुण आहे. तो बसमध्ये हरवल्याचा प्रसंग करेल, शिपायानं त्याच्याकडून घरचा पत्ता काढायचा.

मामा: पोरं हसतील. आणि त्या मुलाचा तमाशा होईल. मला नाही पटत.

भाची: पहिली दोन मिनिटं हसतील. मग तो त्यांच्या पाच प्रश्नांना उत्तर देणार नाही आणि सहाव्याला देईल. तेव्हा त्यांना कळेल की आधीचे पाच प्रश्न त्यांनी एका दमात विचारले होते. हे माझ्या व्याख्यानातून कळत नाही. आणि तमाशा तेव्हा होतो जेव्हा कुणाला नुसतं दाखवायला उभं करतात. हा शिकवायला उभा राहणार आहे, त्याचं मानधनही रूपरेषेत लिहिलंय.

मामा: ठीक. पण माझ्या अटी ऐक. एक, पहिल्या बाकावर ठाण्यांचे प्रभारी अधिकारी. कर्तव्य त्यांच्या नावावर आहे असं तूच म्हणालीस. ते शिपायाला सांगू शकले पाहिजेत की 'थांब, घाई नाही, जबाबदारी माझी'. ते नसतील तर वर्ग रद्द. दोन, सिव्हिल सर्जन किंवा त्यांचा अधिकृत माणूस हजर हवा, आणि रात्री आणलेल्या रुग्णाला घेणार कोण, हे त्यांनी सगळ्यांसमोर नावानिशी सांगायचं. तीन, हजेरीपट नको. त्याऐवजी स्टेशन डायरीत एक नोंद सुरू करा: असा माणूस किती वाजता भेटला, किती वेळ थांबलो, कुठे नेला, तिथे घेतला की परत पाठवला, परत पाठवणाऱ्याचं नाव काय.

भाची: तिसरी अट माझ्या सगळ्या रूपरेषेपेक्षा भारी आहे. पण सिव्हिल सर्जन येतील का?

मामा: तुझ्या पत्रावर नाही येणार. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनं पत्र काढ. आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच, रुग्णालय आणि पोलीस एका टेबलाशी बसवू शकतील तेही तेच.

भाची: काढते. आणि एवढं जमलं, तर वर्गाविरुद्धचं तुमचं म्हणणं मागे?

मामा: निम्मं मागे. माणसाला शिकवता येतं, हे मान्य. पण शिकलेल्या माणसाला तसं वागता येईल की नाही, हे ठाण्यावर आणि सिव्हिलवर ठरणार. वर्षभरानं त्या नोंदी काढून बसू. 'परत पाठवले' या रकान्यातली नावं कमी झाली असतील तर उरलेलं निम्मंही मागे घेईन. नसतील कमी झाली, तर पुढचा वर्ग त्या रकान्यातल्या नावांसाठी घे, आणि शिपायांना त्या दिवशी झोपू दे.